ताजा कलमातले एक वाक्य

(हे पत्र आणि उत्तर कोविडच्या महामारीतले, जानेवारी २०२२ चे; त्यातले नियम तेव्हाचे आहेत.)

वाचकाचे पत्र, थोडक्यात : "आम्ही मूळचे डोंबिवलीचे. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. माझे वय ६६, पत्नीचे ६२ आणि तिला मधुमेह आहे. अमेरिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रवाशांना दारे उघडल्यावर आम्ही ह्यूस्टनला मुलीकडे आलो. एप्रिलअखेर परतणार आहोत. मार्चमध्ये आमच्या लग्नाला चाळीस वर्षे होतात, म्हणून मुलगी-जावयाने गॅल्व्हस्टनहून निघणारी सात रात्रींची क्रूझ नातीसह आम्हा पाचही जणांसाठी बुक केली. कोस्टा माया, कोझुमेल आणि प्रोग्रेसो ही मेक्सिकोची तीन बंदरे ठरली होती. प्रोग्रेसोहून चिचेन इत्सा, म्हणजे प्राचीन माया लोकांचे पिरॅमिड-मंदिराचे ठिकाण, पाहण्याचे माझ्या फार दिवसांपासून मनात होते आणि त्यासाठी तिथल्या एका गाडीवाल्याला आगाऊ पैसेही दिले आहेत. गेल्या आठवड्यात कंपनीचा ई-मेल आला की महामारीच्या परिस्थितीमुळे कोस्टा माया आणि प्रोग्रेसो वगळून बहामाजमधील नासाउ व कंपनीचे स्वतःचे बेट घेतले आहे, आणि हा मार्गही बदलू शकतो. ही सरळ फसवणूक नाही का? पैसे परत मिळतील का? आणि जावे की जाऊ नये? ताजा कलम : जावई एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मुलगी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आहे. दोघांच्या पासपोर्टवरील व्हिसाचे शिक्के ऑगस्टमध्ये संपले, पण मुदतवाढीचे कागद आले आहेत. मेक्सिकोला जाऊन येण्यात अडचण नसते, असे जावई म्हणतात."

नमस्कार.

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आधीच देऊन ठेवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे त्याचा सूर शुभेच्छांचा नाही. पूर्वी आंतरदेशीय पत्रात सगळी खुशाली लिहून झाल्यावर, डिंक लावायच्या घडीवर कडेने उभ्या ओळीत 'धाकटीचे लग्न ठरले' अशी खरी बातमी लिहिलेली असायची. तुमच्या पत्राचे तसेच झाले आहे. बंदरे, पैसे, फसवणूक हे सारे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांच्याकडे मी येतोच. पण तुमच्या घरावर खरोखर संकट आणू शकेल अशी गोष्ट त्या ताजा कलमात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अमेरिकेत राहण्याची परवानगी आणि अमेरिकेत शिरण्याचा व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदतवाढीचा जो कागद, म्हणजे आय-७९७, जावयांना मिळाला आहे, त्याने त्यांचे तिथले वास्तव्य व नोकरी कायदेशीर ठरते. परंतु एकदा देशाबाहेर पाऊल पडले की परत येताना पासपोर्टवर चालू मुदतीचा शिक्का लागतो, आणि तो त्यांच्याकडे नाही. महामारीमुळे दोन वर्षे भारतात जाणे झाले नाही, वकिलातींमध्ये मुलाखतींच्या तारखा मिळेनात, त्यामुळे अशी हजारो मराठी घरे आज याच अवस्थेत आहेत; यात त्यांची काही चूक नाही.

जावई म्हणतात ती सवलत खरी आहे. तिला व्हिसाची आपोआप वैधता असे म्हणता येईल. तीस दिवसांपर्यंत केवळ कॅनडा किंवा मेक्सिकोत जाऊन परत येणाऱ्याला, आय-९४ वरील, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल त्या सरकारी नोंदीवरील, मुदत शिल्लक असेल आणि त्या मुक्कामात नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसेल तर, संपलेल्या शिक्क्यावर आत घेतले जाते. यातला 'केवळ' हा शब्द कायद्यातला आहे, माझा नव्हे. विद्यार्थी आणि आदानप्रदान कार्यक्रमातील मंडळी, म्हणजे एफ आणि जे व्हिसावाले, यांना हीच सवलत शेजारच्या बेटांपुरतीही मिळते आणि त्या बेटांत बहामाज येते. एच वर्गाला बेटांची सवलत नाही. एखादा मित्र 'आम्ही विद्यार्थी असताना बहामाजला जाऊन आलो, काही झाले नाही' असे छातीठोकपणे सांगतो, ते खरेच असते. फक्त ते त्याच्या व्हिसापुरते खरे असते.

आता नवा मार्ग पाहा. तीनही बंदरे मेक्सिकोची असताना जावयांचा हिशेब बसत होता. नासाउ आणि ते बेट आल्याबरोबर तो मोडला. बहुधा गॅल्व्हस्टनच्या टर्मिनलवरच, बॅगा दिल्यानंतर, कागद तपासणारी मुलगी नम्रपणे सांगेल की तुम्हा दोघांना चढता येणार नाही, कारण अपुऱ्या कागदांच्या प्रवाशाला परत आणल्यास भुर्दंड कंपनीला बसतो. प्रवाशाची कागदपत्रे ही प्रवाशाचीच जबाबदारी, असे तिकिटाच्या करारात लिहिलेले असते, त्यामुळे भाडेही बुडेल. पण हा झाला बरा प्रसंग. वाईट प्रसंग म्हणजे टर्मिनलवर कोणाच्या लक्षात न येता ते चढतील आणि सात दिवसांनी, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याने, चालू व्हिसाशिवाय अधिकाऱ्यापुढे उभे राहतील. 'आम्ही बहामाजमध्ये उतरलोच नाही, केबिनमध्ये बसून होतो' हा युक्तिवाद कोणाला सुचेलही; परंतु ज्याच्या एका होकारावर नोकरी, घर आणि मुलीची शाळा अवलंबून आहे, त्या माणसाला त्या टेबलाशी उभे राहून कायद्याचा कीस पाडू देऊ नये.

त्यामुळे माझे मत असे की मुलीने आणि जावयाने या जहाजावर चढू नये. याच्याही पुढे जाऊन सांगतो : उद्या कंपनीने पुन्हा ई-मेल पाठवून तीनही बंदरे मेक्सिकोची केली, तरीही चढू नये. एरवीच्या वर्षी मी इतके ताणून धरले नसते. पण जो मार्ग निघण्यापूर्वी सहा आठवडे बदलला, तो निघाल्यावर तिसऱ्या दिवशीही बदलू शकतो. आणि समुद्रात असताना कप्तानाने जहाज होंडुरासकडे किंवा बहामाजकडे वळवले, तर 'मला इथे उतरवा' असे म्हणता येत नाही. जावयांच्या कंपनीचा इमिग्रेशन वकील असतोच. त्याला दोन ओळींचा ई-मेल करून हे पडताळून घ्यावे. त्याचे उत्तर माझ्यापेक्षा वेगळे आले तर त्याचे ऐकावे, मात्र ते लेखी असावे.

तुमचा दोघांचा व्हिसा अनेक प्रवेशांचा असेल तर तुम्हाला ही अडचण नाही. तरी परत आल्यावर आय-९४ वरची तारीख संगणकावर उघडून पाहावी. पुष्कळदा अधिकारी नवे सहा महिने न देता आधीची उरलेली मुदतच कायम ठेवतात, आणि आपण मात्र सहा महिने मिळाले असे धरून चालतो.

आता फसवणुकीविषयी. तुम्ही बँकेत होता, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो : कर्जाचा करार ग्राहक जसा वाचत नाही, तसाच क्रूझचा करार कोणी वाचत नाही. हवामान, संप, युद्ध, साथ, बंदराचा नकार किंवा कंपनीचे स्वतःचे तारतम्य, यांपैकी कोणत्याही कारणाने बंदर गाळणे, बदलणे किंवा दिवसाचा क्रम उलटा करणे हा अधिकार जवळजवळ प्रत्येक कंपनीने त्यात राखून ठेवलेला असतो. जाहिरातीत चिचेन इत्साचे छायाचित्र असते; करारात तुम्ही विकत घेतलेले असते ते सात रात्रींचे केबिन, जेवण आणि गॅल्व्हस्टन ते गॅल्व्हस्टन प्रवास. ही फसवणूक नाही. हा एकतर्फी करार आहे, आणि त्याबद्दल तुम्हाला वाटणारा संताप मला रास्त वाटतो. युरोपात पॅकेज सहलींविषयी २०१५ चा जो निर्देश आहे, त्यानुसार सहलीच्या मुख्य वैशिष्ट्यात मोठा बदल झाल्यास ग्राहकाला दंडाशिवाय रद्द करण्याचा हक्क मिळतो. तुमचे बुकिंग अमेरिकेत झालेले असल्याने तो आधार तुम्हाला नाही.

मी वीसएक वर्षे पुण्यातील एका प्रवास कंपनीत गटसहलींचे नियोजन केले. महामारीच्या बऱ्याच आधी आमचा बत्तीस जणांचा गट ग्रीसच्या क्रूझवर होता. सँटोरिनीला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज खोल पाण्यात उभे राहते आणि लहान बोटींनी माणसे किनाऱ्यावर नेतात. त्या दिवशी वारा इतका होता की बोटी लावता येईनात. कप्तानाने तासभर वाट पाहिली. वर कड्यावर पांढरी घरे मीठ सांडल्यासारखी दिसत होती, सगळ्यांनी कठड्याला रेलून फोटो काढले आणि जहाज वळले. सांगलीच्या एक आजी मला म्हणाल्या, "विठोबाच्या देवळाचा कळस बघून परत फिरवलंत की हो तुम्ही." भरपाई म्हणून प्रत्येकाच्या खात्यावर बंदराचे शुल्क तेवढे जमा झाले, ते इतके किरकोळ होते की आजींनी त्याचे आइस्क्रीमही घेतले नाही. तेव्हा वाऱ्याने केले, ते आता विषाणू करतो. फरक इतकाच की वारा दुसऱ्या दिवशी पडतो.

महामारीत बंदर कसे हातचे जाते, हे समजून घेतले तर ई-मेलमधले गुळमुळीत शब्द उलगडतात. कोणतेही जहाज परदेशी बंदरात आले की आधी त्याला तेथील आरोग्य अधिकाऱ्याची मुभा लागते. जहाजावर पिवळा बावटा चढवणे याचा संकेतार्थच 'आमचे जहाज निरोगी आहे, आम्हाला मुभा द्या' असा आहे. कप्तान आरोग्याचे घोषणापत्र देतो. त्यात आजारी किती, ताप किती जणांना, हे लिहावे लागते. एरवी हा कारकुनी उपचार असतो. पण साथ आली की बंदरावरील अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे गावातले एकमेव रुग्णालय आणि त्यातल्या मोजक्या खाटा येतात, आणि समोर तीन हजार माणसांचे तरंगते गाव उभे असते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, २००५ सांगते की आरोग्याच्या कारणावरून जहाजाला बंदरात येण्यास सहसा मज्जाव करू नये, आणि बंदरात सोयी नसल्या तर जवळच्या योग्य बंदराकडे पाठवावे. त्या पळवाटेतून काय काय निसटते, हे आपण दोन वर्षे पाहत आहोत. १ फेब्रुवारी २०२० रोजी हाँगकाँगहून निघालेल्या वेस्टरडॅम जहाजाला जपान, तैवान, फिलिपीन्स, ग्वाम आणि थायलंड या सर्वांनी नाही म्हटले. त्यावर तेव्हा एकही रुग्ण निश्चित झालेला नव्हता. अखेर १३ फेब्रुवारीला कंबोडियाच्या सिहानुकव्हिल बंदराने ते घेतले. त्याच दिवसांत योकोहामाला डायमंड प्रिन्सेसवर ३,७११ माणसे अडकली होती आणि त्यांतील ७१२ जणांना बाधा झाली. त्यावर भारतीय खलाशी व कर्मचारीही शंभराहून अधिक होते. भीती निराधार नव्हती.

इतक्या दूर जायलाही नको. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून गोव्याला गेलेले जहाज मुरगावला पोहोचले. त्यावर सुमारे दोन हजार माणसे होती. तपासणीत ६६ जण बाधित निघाले. नववर्षाच्या कपड्यांत निघालेले लोक बंदरासमोर निकालाची वाट पाहत बसले, बाधितांपैकी काहींनी गोव्यात उतरून विलगीकरणात राहण्यास नकार दिला, आणि जहाज पुन्हा मुंबईला आले. त्या प्रवाशांनी तिकीट गोव्याचे काढले होते आणि त्यांना गोवा दिसलाही, पण पाण्यावरूनच.

म्हणून गेल्या दोन वर्षांत क्रूझ कंपन्यांचा कल स्वतःच्या बेटांकडे झुकला आहे. तिथे आरोग्य अधिकाऱ्याशी रोज नव्याने घासाघीस होत नाही, गावात माणसे मिसळत नाहीत, आणि खाणेपिणेही कंपनीच्याच हातात राहते. तुमच्या मार्गात ते बेट का घुसले, याचे उत्तर बहुधा एवढेच असावे. शिवाय एक जुना अमेरिकी कायदा आहे, १८८६ सालचा. परदेशी झेंड्याचे जहाज अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन निघाले आणि दुसऱ्या अमेरिकी बंदरांना थांबून त्याच बंदरात परतले, तर वाटेत निदान एका परदेशी बंदराला लागावे लागते. आणि गॅल्व्हस्टनहून निघणारी मोठी जहाजे बहामाज, पनामा अशाच देशांत नोंदलेली असतात. म्हणजे एखादे परदेशी बंदर हातचे गेले म्हणून कंपनी अमेरिकी किनाऱ्यावरच्याच दोनचार गावांना फिरवून आणू शकत नाही; तिला कोणते ना कोणते परदेशी बंदर हाताशी ठेवावेच लागते. ते कोणते, हे तुमच्या जावयांच्या शिक्क्याकडे पाहून ठरत नाही.

पैशांचे आता. यात तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळते, तेव्हा थोडक्यात लिहितो. कंपनीने सफर रद्द केली तर पूर्ण परतावा मागता येतो. तुम्ही रद्द केलीत तर दंड पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो आणि निघण्याचा दिवस जवळ आला की तो शंभर टक्क्यांवर जातो. मार्ग बदलणे हे रद्द करणे नव्हे. मात्र महामारीच्या काळात, २०२० पासून, अनेक कंपन्यांनी, निघण्याच्या काही दिवस आधीपर्यंत प्रवाशाने रद्द केल्यास रक्कम पुढील सफरीसाठी जमा ठेवण्याची सोय दिली. ती तुमच्या बुकिंगला लागू आहे का, हे आधी पाहावे. तशी सोय असेल तर मुलगी-जावयाची दोन तिकिटे तिच्यात जातील. नसेल तर कंपनीला लिहावे, पण हक्काच्या आवाजात लिहू नये, कारण करारात हक्क नाही. एवढेच लिहावे की मूळ मार्गावर आमच्यातील दोघांना कायद्याने प्रवास करता येत होता, तुमच्या बदलामुळे तो करता येत नाही, तेव्हा अपवाद म्हणून या दोन तिकिटांचा परतावा द्यावा. सोबत शिक्क्यांच्या पानाची छायाप्रत जोडावी. 'तुम्ही आम्हाला फसवले' अशा शंभर पत्रांत हे एक पत्र वेगळे दिसते, आणि उत्तर देणाऱ्याला वरिष्ठांकडे नेण्यासाठी कारण मिळते. क्रेडिट कार्डावरून तक्रार करून पैसे ओढून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर सावध राहावे. करारातच बदलाची मुभा असल्याने तो दावा लंगडा पडतो, आणि काही कंपन्या अशा ग्राहकाचे पुढचे बुकिंग घेत नाहीत.

परतावा आणि जमा यांत निवड मिळालीच, तर परतावाच घ्यावा. जमा रक्कम म्हणजे कंपनीला दिलेले बिनव्याजी, विनातारण कर्ज, हे मी तुम्हाला सांगणे म्हणजे सोनाराला कस शिकवणे. मुंबईहून चालणारी जलेश क्रूझेस ऑक्टोबर २०२० मध्ये बंद पडली. आणि जानेवारी २०२२ मध्ये मायामीला परतणाऱ्या क्रिस्टल सिम्फनी जहाजाने ऐनवेळी बहामाजमधील बिमिनीचा रस्ता धरला, कारण इंधनाच्या थकबाकीपोटी ते जप्त करण्याचा आदेश अमेरिकी न्यायालयाने काढला होता. बंदर बदलण्याची अशीही कारणे असतात.

किनाऱ्यावरच्या सहली जहाजाकडूनच घेतल्या असतील तर बंदर गळल्यावर त्यांचे पैसे आपसूक परत येतात. बाहेर स्वतंत्रपणे ठरवलेल्या सहलींचे येत नाहीत, तिथे त्या माणसाच्या अटी आणि त्याचा स्वभाव कामी येतो. म्हणून एक नियम मी माझ्या ग्राहकांना नेहमी सांगत असे, की क्रूझच्या बाहेर काही आगाऊ भरायचे असेल तर तेवढी रक्कम गेली असे समजूनच भरावी. तुमच्या गाडीवाल्याकडे शेवटी येतो.

पत्नीच्या मधुमेहाचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे. मी तो तसा करणार नाही. तुम्ही अमेरिकेत जो पाहुण्यांचा आरोग्य विमा घेतला असेल, त्याची पुस्तिका काढून दोन गोष्टी शोधाव्यात : अमेरिकेबाहेर, म्हणजे समुद्रात आणि परक्या बंदरात, तो चालतो का, आणि आधीपासून असलेल्या आजारातून उद्भवलेला त्रास त्यात येतो का. बहुतेक स्वस्त विमे दुसऱ्या प्रश्नाशी 'अचानक उद्भवल्यास' एवढेच म्हणून थांबतात. जहाजावरच्या डॉक्टरांचे बिल थेट तुमच्या केबिनच्या खात्यावर चढते आणि विमा कंपनीशी नंतर तुम्हीच झगडायचे असते. बाधा निघालीच तर प्रवाशाला वेगळ्या केबिनमध्ये ठेवतात, जेवणाचे ताट दाराबाहेर येते. एकाचा निकाल पॉझिटिव्ह आणि दुसऱ्याचा निगेटिव्ह आला तर दोघांना वेगळे करण्याची शक्यता असते. इन्सुलिन किंवा गोळ्या सांभाळणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर आणि घेणारा चौथ्या मजल्यावर, हे चित्र डोळ्यांपुढे आणून मगच ठरवावे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, ३० डिसेंबर २०२१ रोजी लसीकरण झालेल्यांनीही तूर्त क्रूझ टाळावी असे स्पष्ट म्हटले. जहाजांवरील त्यांचे सक्तीचे नियम १५ जानेवारी २०२२ ला संपले आणि मग ते कंपन्यांच्या मर्जीवर राहिले. तुमच्या योजनेतली एक गोष्ट मात्र खरोखर शहाणपणाची होती : गॅल्व्हस्टन हे घरापासून गाडीने जाण्याजोगे बंदर. परतल्यावर कोणी बाधित निघाले तर विमान गाठायचे नसते, स्वतःच्या गाडीने घर गाठता येते.

लशीविषयीही एक वाक्य. कोविशील्ड घेतली असेल तर सहसा प्रश्न येत नाही. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ रोजी, म्हणजे तुमच्या पत्राच्या थोडेच आधी मिळाली, आणि कंपन्यांच्या याद्या सरकारी याद्यांमागून रखडत बदलतात. तेव्हा 'चालते' हे फोनवर ऐकून न घेता ई-मेलवर घ्यावे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जावे की जाऊ नये. असा प्रश्न विचारणाऱ्याला मी एक कागद घेऊन बंदरांची नावे लिहायला आणि मग ती खोडायला सांगतो. सगळी खोडल्यावर उरलेल्या जहाजासाठी, समुद्रासाठी आणि सोबतच्या माणसांसाठी ते पैसे द्यावेसे वाटत असतील तर या काळातही जावे. नसतील तर जाऊ नये. तुमच्या बाबतीत बंदरे तर कंपनीनेच खोडली आहेत, आणि सोबतची माणसे कायद्याने खोडली. उरतात आजी, आजोबा आणि नात. नात जन्माने अमेरिकी असेल तर आईवडिलांच्या संमतिपत्रावर तुम्ही तिला नेऊही शकाल, परंतु तुम्हा दोघांपैकी एकाचा निकाल पॉझिटिव्ह आला तर बहामाजच्या समुद्रात त्या पोरीकडे कोण पाहणार? या जहाजाला मी नाहीच म्हणेन. मात्र तुमची आणि नातीची तिकिटे आजच रद्द करू नयेत. दंडाची पुढची पायरी कोणत्या तारखेला लागते ते पाहून, तिच्या आदल्या दिवशी रद्द करावीत. तोवर कंपनीनेच सफर रद्द केली तर सगळे पैसे परत येतील.

तुमच्या पत्रात जहाजाबद्दल एकही ओढीचे वाक्य नाही, हे तुमच्या लक्षात आले का? पोहण्याचा तलाव नाही, जेवण नाही, डेकवरची संध्याकाळ नाही. ओढ आहे ती चिचेन इत्साची. मग तिथेच जावे. प्रोग्रेसो हे तसेही फक्त दार आहे; समुद्र इतका उथळ की धक्का साडेसहा किलोमीटर पाण्यात ओढत न्यावा लागला आहे, आणि जहाजाच्या वेळापत्रकातून चिचेन इत्साला जाऊन येणे म्हणजे भोंगा वाजायच्या भीतीने घड्याळ पाहत मंदिर पाहणे. त्याऐवजी साथीची ही लाट ओसरल्यावर, एप्रिलच्या सुरुवातीला, तुम्ही दोघांनीच ह्यूस्टनहून विमानाने मेक्सिकोतील मेरिदा शहरी जावे. तुमचा अमेरिकी व्हिसा चालू आहे, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. मुलगी-जावयाला मात्र शिक्का संपल्यामुळे तो लागेल, तेव्हा त्यांना यात ओढू नये. एकवीस मार्चच्या आसपास जाणे टाळावे. विषुवदिनी पिरॅमिडच्या पायऱ्यांवर उतरणारी सापाची सावली पाहायला तिथे अतोनात गर्दी होते. पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणजे गुडघ्यांची काळजी नको. परतीच्या विमानासाठी, २०२२ च्या सुरुवातीच्या नियमाने, निघण्याच्या आदल्या दिवसाच्या आतली कोविडची चाचणी लागते, आणि ती पॉझिटिव्ह आली तर तिथेच काही दिवस राहावे लागेल. म्हणून औषधे दोन आठवड्यांची जास्त न्यावीत, आणि भारताच्या परतीच्या तिकिटात पुरेसे दिवस मध्ये ठेवावेत. हा धोकाही आहेच, पण तो निदान एका गावातला, एका हॉटेलातला आणि दोघांनी एकत्र राहण्याचा आहे.

मेरिदाहून प्रोग्रेसो चाळीस किलोमीटरच्या आत आहे. तुमचा गाडीवाला तिथलाच. त्याला पैसे परत मागण्याऐवजी तारीख बदलून मागावी आणि धक्क्याऐवजी मेरिदाच्या हॉटेलवर यायला सांगावे. त्याची दोन वर्षे रोज सकाळी त्या लांब धक्क्याच्या टोकाकडे पाहण्यात गेली असतील. तो नाही म्हणेल असे मला वाटत नाही.